कार्ड हातात होतं, पण हाडांसाठी ते तिथे चालत नव्हतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये ह्यांचा पाय मोरीत घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ह्यांचं वय ७८, माझं ७३. दोघांचीही आयुष्मान वय वंदना कार्डं, म्हणजे म्हाताऱ्यांना रुग्णालयात पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेची कार्डं, एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. ती पिशवीच उचलली आणि शेजारच्यांच्या गाडीतून सगळ्यांत जवळचं रुग्णालय गाठलं. दारावर योजनेचा मोठा फलक दिसला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आतल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या माणसानं, कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आपलं रुग्णालय योजनेत आहे, पण हृदयाच्या आणि किडनीच्या उपचारांपुरतं. हाडांचं इथे बसत नाही."

रात्रीचे नऊ वाजले होते. ह्यांना कूस बदलता येत नव्हती. हलवायचं तर कुठे, आणि विचारायचं तरी कोणाला? तिथेच ऑपरेशन केलं. बिल झालं १ लाख ८४ हजार आणि दोन एफडी मोडल्या. ह्यांचं पेन्शन सूतगिरणीतल्या नोकरीचं, महिन्याला २,१०० रुपये. पंधरा दिवसांनी कळलं, की साताऱ्यातच दुसऱ्या एका रुग्णालयात हाडांचे उपचार योजनेत होतात.

त्या आरोग्यमित्राला मी बोल लावत नाही, तो खरं तेच बोलला. माझी तक्रार बाहेरच्या फलकाबद्दल आहे. रुग्णालयाला योजनेत मान्यता मिळते ती एकेका विभागासाठी, आणि फलकावर तेवढंच नेमकं लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट सांगताना जड जातं, पण इतरांनी ती करू नये म्हणून लिहिते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, हे कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं. आमची वीस वर्षांची खासगी पॉलिसी होती. दोघांचा हप्ता ४७ हजारांवर गेला होता. कार्ड आल्यावर मुलगा म्हणाला, आता कशाला भरायचा? जानेवारी २०२५ मध्ये आम्ही नूतनीकरण केलं नाही. पुढे कळलं, की खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं, त्यासाठी पॉलिसी सोडावी लागत नाही. त्याच जानेवारीच्या अखेरीस विमा नियामकानं कंपन्यांना बजावलं, की ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. आम्ही थोडे दिवस थांबायला हवं होतं. ज्यांची जुनी पॉलिसी चालू आहे आणि हप्ता कसाबसा झेपतो आहे, त्यांनी आपल्याला लागणारे उपचार जवळपास कुठे कार्डावर होतात हे पाहिल्याशिवाय ती सोडू नये, असं मी हात जोडून सांगते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी आता गुरुवारी बसते. नातवाच्या मोबाइलवरून आम्ही कार्डं काढून देतो. आधार घेऊन येणाऱ्यांच्या मनात एकच असतं, की आता पाच लाखांपर्यंत सगळं फुकट. म्हणून मी आधी तीन गोष्टी बोलते. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तरी पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. दाखल झालात तरच खर्च मिळतो. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरतात, पण दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नाही धरत. आमच्यासारख्यांचा खरा पैसा त्याच गोळ्यांत जातो, आणि त्यावर या कार्डाचा काही उपाय नाही. जनऔषधी केंद्रात तीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात, तेवढाच आधार. चांगली बाजूही सांगते. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून चालतो, खासगी विम्यासारखी वर्षं मोजावी लागत नाहीत.

एका बाईंनी विचारलं, मुलाला आमच्या खर्चाचा काही फायदा मिळतो का? मिळतो. आईवडील साठीपुढचे असतील आणि त्यांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचे वर्षाला ५० हजारांपर्यंत आयकराच्या जुन्या पद्धतीत वजा होतात. पण पैसे रोखीनं दिलेले चालत नाहीत. आम्ही मेडिकलमध्ये वर्षभर रोखच देत होतो.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. संघातल्या एका आजोबांची अँजिओप्लास्टी एक रुपया न देता झाली, ते पाहून डोळे भरून आले. माझं मागणं लहान आहे. प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावं, की इथे कार्डावर कोणत्या विभागाचे उपचार होतात. जिथे होत नाहीत, तिथे जवळचं दुसरं रुग्णालय कोणतं तेही लिहावं, आणि रात्री फिरवता येईल असा फोन नंबर. १४५५५ हा केंद्राचा क्रमांक मला आज पाठ आहे, ऑगस्टमध्ये नव्हता.

आणि आपल्याला विनंती. सातारा जिल्ह्यातल्या अशा रुग्णालयांची विभागवार यादी आपल्या जिल्हा पुरवणीत छापाल का? मी ती कापून संघाच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाशेजारी लावीन. तिथे सगळेच थांबतात.

आपली वाचक,
एक ज्येष्ठ गृहिणी, सातारा