मानधन 'किरकोळ खर्चा'त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधील साहाय्यक प्रशिक्षकांचे पगार वाचून चहा थंड झाला. (तो आपला फुटबॉल नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ.) लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये डेव्ह अरांडा यांना वर्षाला २५ लाख डॉलर देऊ केले, तेव्हाच्या दराने सोळा कोटी रुपये! तेही मुख्य प्रशिक्षक नव्हेत, फक्त बचावफळी सांभाळणारे. पैसा टीव्हीच्या करारांतून येतो आणि चांगला साहाय्यक दुसरं विद्यापीठ पळवून नेतं, म्हणून भाव चढतो. खेळणाऱ्या पोरांना मात्र २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीही करता येत नव्हत्या आणि विद्यापीठाकडून थेट मोबदला २०२५ मध्ये सुरू झाला. हे काही मला पटत नाही.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं आपल्या फुटबॉलचा साहाय्यक प्रशिक्षक आहे. मला कोण पळवून नेणार? पहाटे साडेपाचला मैदानावर चुन्याच्या रेषा मीच मारतो. मे महिन्यात सात वाजताच ऊन असं चटकते, की पोरं गोलपोस्टच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात. कामठीहून येणारी दोघं उपाशीच येतात, त्यांच्यासाठी केळी माझ्याच खिशातून.

मानधन हंगामाचे सहा हजार. व्हाउचरवर शीर्षक असतं 'किरकोळ खर्च'. गेल्या महिन्यात चेंडूत हवा भरायच्या पंपाच्या सुईचे चाळीस रुपये मागितले, तर बाबू म्हणाले, "सर, पक्कं बिल आणा ना."

– एक साहाय्यक प्रशिक्षक, सदर, नागपूर