वाचनालयातल्या कलाविभागाच्या पहिल्या कपाटाबद्दल

पुणे, ११ जून

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या कार्यकारी मंडळाने चित्रकलेच्या पुस्तकांसाठी आणि कलाक्षेत्रातल्या करिअरच्या मार्गदर्शकांसाठी मिळून ५०,००० रुपये मंजूर केले, हे वाचून फार आनंद झाला. सावंतवाडीच्या पोरांना चांगलं छापलेलं चित्र हातात धरून बघायला मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ग्रंथपाल मॅडमनाही हे पत्र वाचायला दे.

दोन्ही प्रकारची पुस्तकं एकाच ठरावात बसली असली तरी त्यांचं आयुष्य सारखं नाही. चित्रांचं पुस्तक ५० वर्षं टिकेल असं पारखून घ्यायचं. करिअरचं पुस्तक दोन-तीन वर्षांत शिळं होतं, तेव्हा ते वेळेवर काढून टाकायचं असं ठरवूनच आणायचं. वाचनालयांत बहुतेकदा याच्या उलट घडतं. चित्रांची पुस्तकं स्वस्तातली, नुसत्या गोंदाने चिकटवलेली येतात आणि वर्षभरात त्यांची पानं सुटी होतात. प्रवेशाची दहा वर्षांपूर्वीची माहिती मात्र कपाटात जागा अडवून बसते आणि एखाद्या मुलाचं वर्ष वाया घालवते.

पैशांची वाटणी मी अशी करीन: २५,००० मध्ये चित्रांची आठ-दहा भक्कम पुस्तकं, १२,००० मध्ये तंत्राची, ५,००० मध्ये करिअरची आणि उरलेल्या ८,००० मध्ये टेबल, दिवा, कव्हरं वगैरे. ग्रंथखरेदीची रक्कम फर्निचरला वापरता येत नसेल, तर हे ८,००० देणगीतून उभे करा, पण वगळू नका. कारण पुढे सांगतो.

चित्रांचं पुस्तक यादीवरून मागवू नकोस, उघडून बघ. आधी पाठीचं वरचं टोक बघायचं. फर्मे शिवलेले असतील तर कागदाचे लहान लहान जुडगे दिसतात. सगळी पानं एका सरळ रेघेत कापलेली आणि वर गोंदाचा थर दिसला, तर ते पुस्तक सपाट उघडणार नाही, जोर लावला की मधून फाटेल. मग दोन पानांवर पसरलेलं एखादं चित्र काढ आणि चेहरा किंवा हात घडीत गेला आहे का ते पाहा. नंतर चित्राखालची ओळ वाच. माध्यम, वर्ष, मूळ आकार आणि चित्र कुठल्या संग्रहात आहे, एवढं तिथे हवंच. आकार दिलेला नसेल तर तळहाताएवढं लघुचित्र आणि पुरुषभर उंचीचं तैलचित्र मुलाला एकाच मापाचं वाटतं, आणि मग कुंचला कसा फिरला असेल याचा अंदाजच चुकतो.

छपाई पारखायला हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ काढून बघ. सावळाराम हळदणकर तुमच्याच सावंतवाडीत जन्मले. १९४५-४६ च्या सुमाराचं हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बाई एका हाताने दिवा धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योत आडवते आहे. बोटांच्या फटींतून आणि कडांमधून उजेड झिरपतो, तिथे तांबूस छटा आहे. छपाई चांगली असेल तर हे तांबूसपण बोटागणिक बदलताना दिसतं आणि मागच्या काळोखातही लुगड्याची कड हरवत नाही. वाईट छपाईत सगळी बोटं एकसारखी नारिंगी होतात आणि पार्श्वभूमी नुसती काळी ठप्प. दहापट भिंगातून पाहिलंस तर ठिपके दिसतील. चार शायांचे ठिपके एकमेकांवर नीट बसले नसतील तर कडेला निळी किंवा गुलाबी झाक सुटलेली दिसते. ज्या पुस्तकात हे होतं त्यातली बाकीची चित्रंही संशयास्पद धरायची.

संदर्भासाठी शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड घ्याच. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला हा खंड मराठीत आहे आणि महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांची एवढी माहिती एका ठिकाणी सहसा मिळत नाही. गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, जे चांगलं सचित्र मिळेल तेही घ्या. दशावतारी गंजिफांचा पूर्ण संच १२० पत्त्यांचा, दहा अवतार आणि प्रत्येकी बारा पत्ते. गावातली कला गावच्या वाचनालयात पुस्तकरूपाने नसावी हे बरं नाही.

पुस्तकं आली की घाईने शिक्के मारू नका. आर्ट पेपरवर, म्हणजे चित्रांच्या गुळगुळीत कागदावर, शिक्क्याची शाई लवकर वाळत नाही, समोरच्या चित्रावर उमटते. शिक्का मुखपृष्ठानंतरच्या नावाच्या पानाच्या मागे आणि ठरलेल्या गुप्त पानावर (पुस्तक आपलंच आहे हे ओळखता यावं म्हणून वाचनालयाने ठरवलेलं पान) मजकुराच्या बाजूला, आणि मध्ये रात्रभर टीपकागद. चित्रपत्रं, म्हणजे चित्रांची पानं, मोजून आकडा दाखल नोंदवहीत आणि नावाच्या पानामागे पेन्सिलीने लिहा. ब्लेडने चित्र कापून नेण्याचा प्रकार सगळीकडे होतो. परतीच्या वेळी आकडा जुळवला तरच तो लगेच कळतो.

वर्गांक (ड्युई पद्धतीतला विषयाचा आकडा) देताना सगळं ७०० खाली ढकलून देऊ नका. रेखाटन ७४१, मानवी आकृती ७४३, अक्षरलेखन ७४५.६, जलरंगाचं तंत्र ७५१, भारतीय चित्रकार ७५९.९५४. करिअरच्या पुस्तकांना ७०२.३ देता येतो, म्हणजे ती चित्रांच्या शेजारीच राहतात. स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यात ती गेली तर चित्र काढणाऱ्या मुलाच्या नजरेला पडत नाहीत.

आता टेबल आणि दिव्याचं. ३० सेंटिमीटर चौरस, ३०० पानांचं, १५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदाचं पुस्तक सुमारे दोन किलो भरतं. असं पुस्तक मांडीवर घेऊन वाचलं की पाठ तुटते. त्याला सपाट, रुंद टेबल हवं आणि दोन्ही बाजूंना टेकायला कापडाच्या उशा हव्यात. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला बघा, आणि ४,००० ते ५,००० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा. पिवळ्या बल्बखाली निळा रंग मळका दिसतो.

मुलं चित्र गिरवणार, त्यांना हटकू नका, साधन द्या. कागद ठेवून पेन्सिलीने गिरवलं की खालच्या चित्रावर कायमचे चरे पडतात. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची ओएचपी शीट घ्यायची, तिच्यावर सीडी मार्करने २ सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या, पूर्ण वाळू द्यायची आणि शाईची बाजू वर ठेवून चित्रावर पसरायची. मुलगा चौकटी मोजून आपल्या कागदावर ४ सेंटिमीटरच्या चौकटीत चित्र दुप्पट करतो. अशा सहा शीट करून टेबलाच्या खणात ठेवा, आणि टेबलावर पेन आणायला मनाई, फक्त पेन्सिल.

मोठी पुस्तकं उभी ठेवली की आतले फर्मे वजनाने खाली लोंबतात आणि पुठ्ठ्यापासून सुटतात. बारा इंचांपेक्षा उंच पुस्तक आडवं ठेवायचं, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाही. तुमची रॅक ९ इंच खोल असेल तर मोठं पुस्तक पुढे तीन इंच लोंबणार आणि येता-जाता कोपरे ठेचणार.

पावसाळा तर दारातच आला आहे. आर्ट पेपरवर चिनी मातीचा आणि चिकट द्रव्याचा थर असतो. पाणी लागलं की तो विरघळतो आणि वाळताना पानं एकमेकांना अशी धरतात की सोडवताना चित्रच सोलून निघतं. म्हणून भिजलेलं पुस्तक मिटून वाळवायचं नाही. पाच-सहा तासांच्या आत, ओलं असतानाच, दर पानामध्ये बटर पेपर घालून पंख्याखाली ठेवायचं, उन्हात नाही. पुस्तकं जास्त भिजली आणि हात पुरेनात, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर एकेक काढून सोडवता येतं. आर्द्रतामापक काही शे रुपयांना मिळतो. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशी धरते. रॅक भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, पुस्तकांमध्ये बोटभर फट ठेवा. काचेचं कुलूपबंद कपाट तुमच्या हवेत सगळ्यात वाईट. आत वारा फिरत नाही, आणि पुस्तकही कुणाला दिसत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन चित्रात मुरतो. पातळ टिश्यू आणि मैद्याची साधी खळ पुरे, पण खळीत मोरचूद घालू देऊ नका, त्याने कागद कमजोर होतो.

तंत्राच्या पुस्तकांत एक अडचण हमखास येते. परदेशी जलरंगाच्या पुस्तकातले प्रयोग ३०० जीएसएमच्या सुती कागदावर केलेले असतात. आपला मुलगा तेच शाळेच्या ड्रॉइंग शीटवर करतो, कागदाला पोक येतो, रंग खळग्यात साचतो आणि त्याला वाटतं आपला हातच वाईट. पुस्तकात पहिल्या पानाशी एक चिठ्ठी ठेवा: निदान २०० जीएसएमचा कागद, चारही कडांना टेप, आणि पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. तिच्यावरच पोत, यथार्थदर्शन, छायाप्रकाश अशा दहा-पंधरा संज्ञा इंग्रजी शब्दांसमोर लिहून द्या. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी पुस्तक मग परकं वाटत नाही.

करिअरचं पुस्तक घेताना किती कोर्सेसची नावं आहेत ते मोजू नकोस. महिना दिलेला आहे का ते बघ. आयआयटी मुंबईच्या यूसीडचा, म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षेचा, अर्ज ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि परीक्षा जानेवारीत असते. एनआयडी (डिझाइनची संस्था) आणि निफ्ट (फॅशनची संस्था) यांचे अर्जही बारावीचं वर्ष चालू असतानाच भरायचे असतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये पुस्तक उघडणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं. त्यात यूसीड जास्तीत जास्त दोनदाच, तेही सलग दोन वर्षांतच देता येते, ही ओळ पुस्तकात नसेल तर ते पुस्तक अपुरं. चार वर्षांच्या बीएफए या कलापदवीसाठी राज्य सीईटी (प्रवेशपरीक्षा) कक्षाची परीक्षा वेगळी. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शालेय चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेल्या मुलाचा हात यातल्या पहिल्या तिन्हींवर बसलेला असतो, हे पालकांना कुणी सांगत नाही. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ जादा गुण मिळतात. जुन्या पुस्तकात १५, १० आणि ५ असे छापलेले सापडतील, ती बाजूला काढा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधीच्या पुस्तकातली तिथल्या प्रवेशाची माहिती वापरू नका, संस्थेचं चालू माहितीपत्रकच बघा.

म्हणून पुस्तकांच्या जोडीला एक जाड फाइल करा. प्रत्येक संस्थेचं चालू वर्षाचं माहितीपत्रक छापून तिच्यात लावायचं, वर तारखेचा शिक्का. जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ती तपासायची, जुनं काढायचं. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावा, कुठल्या महिन्यात कुठला अर्ज. करिअरच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ‘तपासलं’ आणि महिना-वर्ष अशी चिकटपट्टी. तीन वर्षं झाली की ठराव करून निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रद्द.

या पुस्तकांत व्यवहाराचा भाग हवाच, आणि तो आपल्या कायद्याचा हवा. मूर्तिकार, बोर्ड रंगवणारे, पुस्तकांना चित्रं काढणारे यांना तोच उपयोगी पडतो. पैसे देऊन कुणी चित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर स्वामित्वहक्क पैसे देऊन करवून घेणाऱ्याचा होतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क विकले तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. सेवेतून वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. अमेरिकेतल्या गॅलऱ्या आणि तिथले कर समजावणारी महागडी पुस्तकं इथे कामाची नाहीत, त्यांवर एक रुपयाही घालू नकोस. दर कसा लावायचा याचं एखादं सोडवलेलं उदाहरण पुस्तकात असलं तर उत्तम: मुखपृष्ठाला १२ तास, तासाचे २५०, म्हणजे ३,०००, साहित्य ४००, आणि दोनदा दुरुस्ती फुकट, तिसरीला वेगळे पैसे. असं उदाहरण नसेल तर फाइलमध्ये तुम्हीच एक पान लिहून लावा.

रॅकची खोली आणि दोन फळ्यांमधलं अंतर टेपने मोजून कळव, आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही. थेट ऊन येत असेल तर पाठीवरचे लाल-पिवळे रंग आधी उडतात, मग कपाटाची जागाच बदलावी लागेल. तुझी मापं आली की पहिल्या दहा पुस्तकांची यादी पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू