किल्ली कुणाच्या कमरेला?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला तीनदा बसले. पहिल्या खेपेला लिहिलेलं एखाद्या संस्थेच्या माहितीपत्रकासारखं झालं. दुसऱ्या खेपेला इतकं रडगाणं गायलं की ते वाचून तू राजीनाम्याचा विचारच सोडला असतास. (अजून दिला नाहीस ना? देऊ नकोस. का ते पुढे सांगते.)

तू विचारलंस, नोकरी सोडून खुल्या इंटरनेटसाठी, लोकांच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी काम करणं हे करिअर होऊ शकतं का. होऊ शकतं. माझं झालंय असं लोक म्हणतात. पण तुझ्या पत्रात मोर्चे आहेत, याचिका आहेत, परिषदांमधली भाषणं आहेत. दोर, स्पॅनर आणि चिकटपट्टी कुठेच नाही. म्हणून आधी छपरावरून सुरुवात करते.

पहिला दुवा, म्हणजे दोन छपरांमधली बिनतारी जोडणी, जोडला तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. पाच किलोमीटरचं अंतर, दोन्हीकडे छपरांवर लोखंडी पाइप, त्यावर ताटाएवढ्या अँटेना. मी अँटेना केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे फिरवत होते आणि खाली शिडीपाशी बसलेला सहकारी लॅपटॉपवरचा सिग्नलचा आकडा ओरडून सांगत होता; तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८४. उणे ८१. उणे ८६, मागे घे, मागे घे! अर्ध्या तासाने उणे ६३ आला. आकडा ऐकायच्या आधी त्याच्या आवाजावरूनच कळलं. नट आवळताना माझे हात थरथरले आणि तो पुन्हा उणे ७० वर गेला, ते वेगळं.

चार महिन्यांनी तोच दुवा कुरकुरायला लागला. राउटर बदलला, केबल बदलली, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का पाहिलं, राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर नवं घातलं. दुर्बिणीतून समोरचं छप्पर लख्ख दिसत होतं, त्यामुळे वाटेतल्या झाडाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. रेडिओ लहरींना दोन टोकांमधली नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. रेषेभोवती एक लांबट, मध्ये फुगलेली जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवरच्या पाच किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर तिची त्रिज्या आठेक मीटर भरते, आणि त्यातला साठ टक्के तरी भाग रिकामा हवा. आम्ही खांब उभे केले तेव्हा झाड निष्पर्ण होतं. मग पालवी फुटली, पानांत पाणी भरलं आणि आमचं इंटरनेट झाडाने पिऊन टाकलं. दोन्हीकडचे खांब तीन-तीन मीटर उंच केले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

हे निदान पुस्तकात सापडतं. दुसरं सापडत नाही. टेकडीवरच्या एका घरावर आमचा मधला खांब होता. त्या घरातल्या बाईंना आम्ही एकच काम सांगितलं होतं, राउटरचा दिवा लाल झाला की वेळ लिहून ठेवायची. दर काही दिवसांनी दुवा अर्धा-पाऊण तास तुटायचा आणि आपोआप सुरू व्हायचा. आम्ही तीन आठवडे राउटरच्या आपोआप होणाऱ्या नोंदी चाळत बसलो. एकदा त्यांच्याकडे गेले असताना वही सहज उघडली. तारीख, वेळ, आणि समासात आम्ही न सांगितलेली नोंद. ‘वारा.’ ‘वारा.’ ‘वारा फार.’ एका ठिकाणी ‘वारा नाही, मांजर.’ वर चढून पाहिलं तर खांबाच्या खालच्या क्लँपचा बोल्ट सैल. स्पॅनरचे दोन वेढे दिले, संपलं. बाईंना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “तुम्ही वेळच विचारली होतीत.”

ते वाक्य मला चांगलंच झोंबलं, पण त्यावरून लगेच शहाणपण आलं असं समजू नकोस. वर्षभराने मी आजारी पडून रुग्णालयात होते आणि नेमका तेव्हाच मुख्य राउटर अडकला. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. मुद्दाम लपवला नव्हता, कुणाला सांगायची वेळच आली नाही, एवढंच. तीन दिवस सगळं बंद. परीक्षेचे अर्ज भरायचे असलेली मुलं डोंगर उतरून गेली. तीन दिवसांनी शुद्धीवर येऊन मी फोनवर बारा अक्षरं सांगितली आणि सगळं सुरू झालं. सहकारी म्हणाला, बरं झालं तू वाचलीस. गंमतीनेच म्हणाला, पण त्यात सगळं आलं. मोठ्या कंपन्यांनी सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतोय, आणि माझ्या कमरेला काय लटकत होतं?

म्हणून २०२४ मधली एक्सझेडची भानगड वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तू त्याच क्षेत्रातला, तुला तपशील माझ्याहून जास्त ठाऊक असणार. फायली दाबून लहान करणारं एक साधन, लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या कितीतरी यंत्रणांमध्ये बसलेलं, आणि ते सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं त्याने लिहूनही ठेवलं होतं. मग कुणीतरी आला, जवळजवळ दोन वर्षं गोडीने मदत करत राहिला. दुसऱ्या नावांनी ‘कामं तुंबलीत, दुसरा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) नेमा’ असा तगादाही लागला. शेवटी किल्ली हातात पडली आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. पकडलं कुणी? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंडने, कारण त्याच्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. २९ मार्च २०२४ ला त्याने ते जाहीर केलं. सगळे त्या हल्ल्याच्या हुशारीबद्दल बोलले. मला मात्र तो पहिला थकलेला माणूसच दिसत राहिला. आणि समासात ‘वारा’ लिहिणाऱ्या आमच्या बाई. अर्धा सेकंद लक्षात येणं म्हणजे तेच की.

तर किल्ली एकाकडे ठेवली तर धोका, आणि थकल्यावर येईल त्याच्या हाती दिली तर त्याहून मोठा धोका. माझ्या मते या व्यवसायात खरं कौशल्य लागतं ते इथे. अँटेना फिरवायला कुणालाही महिन्याभरात शिकवता येतं.

तू म्हणशील, इंटरनेट उभं राहिलं तेव्हा ही भानगड होती का? त्या लोकांनी किल्ली धरूनच ठेवली नाही, म्हणून तर ते वाढलं. १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर नावाच्या विद्यार्थ्याने यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याची पहिली टिपणी लिहिली. ज्यांच्याकडे उतरला होता त्या मित्रांची झोप मोडू नये म्हणून न्हाणीघरात बसून लिहिली. आपण कोण नियम सांगणारे, या संकोचाने तिला नाव दिलं ‘अभिप्रायासाठी विनंती’ (रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स). आज आरएफसी म्हणून ज्या हजारो कागदांवर जगभरची यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्यांचं नाव अजून तेच आहे. आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने वेबची मूळ प्रणाली सर्वांसाठी मोकळी करून टाकली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोफर या वेबच्या प्रतिस्पर्ध्याच्या मालक विद्यापीठाने सर्व्हरसाठी परवाना शुल्क घेणार असं सांगितलं होतं. तेव्हा गोफर जोरात होतं. आज आठवतं कुणाला? एवढ्या एकाच कारणाने ते मागे पडलं असं मी म्हणत नाही, पण लोक बिचकले हे खरं.

आता तुझ्या मोर्चांविषयी. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडियाने अख्खा दिवस पडदा ओढून घेतला होता, तो दिवस तुला आठवत असेल. आपण दोघं एकाच खोलीत तो काळा पडदा बघत होतो. ज्यांच्या निषेधात तो होता ती अमेरिकेतली सोपा आणि पिपा ही ऑनलाइन चाचेगिरीविरोधी दोन्ही विधेयकं बारगळली. त्याच वर्षी ४ जुलैला युरोपीय संसदेने अ‍ॅक्टा हा नकली माल आणि कॉपीराइटभंगाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. मला वाटलं होतं, झालं, जिंकलो. मग अमेरिकेतल्या नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याने सगळ्या मजकुराला सारखंच वागवावं या नियमाचा, प्रवास बघ: २०१५ मध्ये नियम आले, २०१७ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकले, २०२४ च्या एप्रिलमध्ये परत आणले, २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने रद्द केले. दहा वर्षांत चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला तीच माणसं पुन्हा तेच मुद्दे घेऊन उभी. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घातली. त्याआधी लाखो लोकांनी ईमेल पाठवले होते, ते सगळ्यांना आठवतं. पण त्या सल्लामसलतीच्या कागदातला प्रत्येक प्रश्न वाचून त्याला मुद्देसूद उत्तर कुणीतरी रात्री जागून लिहावं लागतं, आणि ते केलं नाही तर लाख ईमेलचा नुसता ढीग होतो. मला स्वतःला भाषणापेक्षा हे काम आवडतं. तुलाही आवडेल असं वाटतं, तू करारातली बारीक अक्षरं वाचणारा माणूस.

पैशाचं लवकर उरकते. नवा खांब उभारायला अनुदान मिळतं, जुन्या खांबावरचा गंज खरवडायला मिळत नाही. प्रकल्प दीड वर्षाचा, बॅटऱ्या मरतात तिसऱ्या वर्षी. मधले महिने मी तुझ्यासारख्यांच्या कंपन्यांची किरकोळ कामं करून काढलेत. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ पासून चाललेलं गुइफी.नेट हे लोकांचं सामायिक नेटवर्क मला म्हणूनच आवडतं. ३५ हजारांहून जास्त नोड (जोडणीची ठिकाणं), तारा-खांब सगळ्यांचे सामायिक, आणि त्यावर सेवा विकणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या जितकं वापरतील त्या प्रमाणात देखभालीचा वाटा उचलतात. धंदा करायला बंदी नाही, कब्जा करायला आहे. आम्ही त्यांची हिशोबाची पद्धत उचलायचा प्रयत्न केला आणि दोनदा तोंडावर पडलो. तिसऱ्यांदा बरी चाललीय.

अनुदानाचा एक काटा मात्र अजून सलतो. एका देणगीदाराच्या अहवालात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना होता. वही ठेवणाऱ्या बाईंना मी त्यात मोजलं. आमची सगळ्यात चांगली तंत्रज्ञ त्या कागदावर लाभार्थी झाली, आणि तो आकडा मी स्वतःच्या हाताने भरला. पुढच्या वर्षी त्यांचं नाव तंत्रज्ञांच्या यादीत घातलं, मानधनासकट. वरून प्रश्न आला, त्यांची शैक्षणिक पात्रता काय? मी वहीच्या चार पानांच्या प्रती जोडून पाठवल्या. मांजराचं पान धरून.

म्हणून म्हणते, राजीनामा देऊ नकोस. निदान इतक्यात नको. आठवड्याचे चार तास काढ आणि वर्षभर एकच कंटाळवाणं काम धर. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या माहितीची पानं दुरुस्त कर, नाहीतर एखाद्या थकलेल्या मेंटेनरकडे आलेल्या तक्रारींची छाननी करून दे. नवं काही लिहू नकोस, त्याचं ओझं त्यालाच उचलावं लागतं. वर्षभराने चिडचिड न होता ते करत असलास तर पुढचं बोलू. मोर्चाला जायला कुणाचीच ना नाही, तेही कर.

आणि हो, तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न, समाधान मिळतं का? गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. मी टेकडीवर गेले होते, सवयीने वही उघडली. सहावी वही चालू आहे, आता बाईंबरोबर शेजारची एक मुलगीही लिहिते. दोन आठवड्यांपूर्वी मुख्य राउटर जळाल्याची नोंद होती. कुणी बदलला, जुनी सेटिंग कुठून घेतली, किती वेळ बंद होतं, सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात. एक तास वीस मिनिटं. मला कुणी फोनसुद्धा केला नव्हता. मी म्हटलं, कळवायचंत तरी! ती म्हणाली, “कशाला? झालं होतं की.”

खरं सांगू? जरा लागलं मनाला. मग खाली उतरताना वाटेत मला हसू यायला लागलं, ते घरी पोचेपर्यंत थांबेना.

उत्तर लिही, आणि लवकर लिही. माझ्यासारखे तीन आठवडे लावू नकोस.

तुझीच,
जुनी मैत्रीण

ता.क. पुढच्या महिन्यात मधल्या खांबाचे सगळे बोल्ट बदलायचेत. येणार असशील तर बूट रबरी तळव्याचे घाल आणि तेरा नंबरचा स्पॅनर आण, आमचा मांजराने कुठेतरी लोटलाय.