आरोपी क्रमांक दोन

चि. मुक्ता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू पेनड्राइव्हवर भरून दिलेला ‘कॉल नॉर्थसाइड ७७७’ हा १९४८ सालचा चित्रपट परवा रात्री पाहिला आणि काल दुपारी पुन्हा पाहिला. दुसऱ्या वेळी मी वही घेऊन बसलो, तेव्हा तुझी आई म्हणाली, की कोर्टातली शिरस्तेदारी सुटून नऊ वर्षे झाली तरी ह्यांचा रोजनामा काही सुटत नाही.

चित्रपट खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे आणि ते प्रकरण माझ्या मते चित्रपटापेक्षा भारी आहे. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात, ९ डिसेंबर १९३२ रोजी, शिकागोतील एका लहानशा दुकानात विल्यम लंडी या पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला. त्या दुकानात चोरून दारू मिळत असे. जोसेफ मायचेक आणि थिओडोर मार्चिनकिएविच या दोन पोलिश वंशाच्या तरुणांना, मुख्यतः दुकानाच्या मालकिणीने ओळखल्यावरून, प्रत्येकी ९९ वर्षांची शिक्षा झाली. मायचेकच्या आईने अकरा वर्षे फरशा पुसून पैसे साठवले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये ‘शिकागो टाइम्स’मध्ये छोटी जाहिरात दिली, की लंडीचे खरे मारेकरी दाखवून देणाऱ्यास ५,००० डॉलर मिळतील. त्या जाहिरातीवरून वर्तमानपत्राने माग काढला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये मायचेक माफी मिळून सुटला.

चित्रपटात जेम्स स्टुअर्टने साकारलेला बातमीदार आधी कशावरच विश्वास ठेवत नाही, हे मला आवडले. खोटे पकडण्याच्या यंत्राच्या प्रसंगात तर ते यंत्र विकसित करणारे लिओनार्ड कीलर स्वतःच पडद्यावर बसले आहेत. मात्र ज्या पुराव्यावर शेवट उभा केला आहे, तो छायाचित्राचा पुरावा पटकथेची करामत आहे. मालकीण आणि आरोपी एकत्र दिसणारे छायाचित्र मोठे करत नेत, मागे उभ्या असलेल्या पेपरवाल्या पोराच्या हातातील अंकाची तारीख वाचली जाते आणि सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. खऱ्या प्रकरणात असे काही घडले नव्हते.

खऱ्या प्रकरणात हाती लागली ती अटकेची नोंद. पोलीस सांगत होते, की मायचेकला २३ डिसेंबरला पकडले आणि मालकिणीने त्याला ओळखले. नोंद मात्र २२ डिसेंबरची निघाली. म्हणजे ती बाई त्याला आदल्या दिवशी पाहून बसली होती, आणि त्या दिवशी तिने त्याला ओळखले नव्हते. तू सत्र न्यायालयात वकिली करतेस, त्यामुळे याचा अर्थ तुला सांगायला नको. आपल्याकडेही ओळखपरेडीवरच्या उलटतपासणीत बचावाचा चांगला वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की आरोपी तुम्हाला आधी पोलीस ठाण्यात दाखवला होता का. माझ्या नोकरीत हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आणि त्याचे ‘नाही’ हे उत्तर प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे दिलेले ऐकले. ठाण्याच्या डायरीतील एका तारखेने ते ‘नाही’ ढासळते, पण ती तारीख पाहण्यासाठी कोणीतरी डायरी मागवावी लागते. तिकडे खुद्द न्यायाधीशांनाही निकालानंतर शंका आली होती आणि त्यांनी मायचेकला बोलावून फेरखटल्याचा शब्द दिला होता म्हणे. तो फेरखटला कधी झालाच नाही.

पण मी पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्या माणसासाठी, मार्चिनकिएविचसाठी. चित्रपटात त्याचे नाव टोमेक झालेस्का. बातमीदार त्याला तुरुंगात भेटतो, तोही आपण निर्दोष असल्याचे सांगतो. शेवटी दरवाजा उघडतो, नायक बाहेर येतो, मुलाला भेटतो आणि चित्रपट संपतो. झालेस्काचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. दोघांचा खटला एक, साक्षीदार तीच, तिची ओळख खोटी ठरली तर ती दोघांच्याही बाबतीत डळमळायला हवी, असे कोणत्याही कारकुनाला कळेल. प्रत्यक्षातला मार्चिनकिएविच १९५० साली, म्हणजे मायचेकनंतर जवळजवळ पाच वर्षांनी सुटला. मायचेकला राज्याने २४,००० डॉलर भरपाई दिली. याला ३५,००० डॉलर मिळाले, तेही १९६५ साली. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा हा माणूस तुरुंगातच होता, हे लक्षात आल्यापासून मला तो शेवट गोड वाटेनासा झाला आहे. जाहिरात देणारी आई एकाचीच होती.

गेल्या रविवारी तू फोनवर तुमच्या अपिलाबद्दल फार उत्साहाने सांगत होतीस. ओळखपरेडीतील त्रुटी तू स्वतः शोधलीस आणि तुझ्या सीनियरांनी शाबासकी दिली, याचा मला अभिमान आहे. मी मध्येच विचारले, की दुसऱ्या आरोपीचे काय, तेव्हा तू म्हणालीस, “बाबा, तो आपला अशील नाही,” आणि त्याचे नावही तुला चटकन आठवले नाही. तुझे म्हणणे नियमाला धरून आहे. तरीही अपिलासाठी प्रमाणित नकला घ्यायला जाशील तेव्हा त्याने अपील केले आहे की नाही, एवढे पाहून ये. केले नसेल तर तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अपील करता येते आणि वकील देण्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे, ही गोष्ट त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कोणी सांगितली आहे का, याचीही चौकशी कर. सीनियरांना आधी विचार. त्यांच्या परवानगीवाचून काही करू नकोस. दोघांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जात असतील तर ते अडवतील, आणि ते अडवणे योग्यच असेल.

आईने मेतकूट आणि भाजणी दिली आहे, येत्या शनिवारी शेजारचे काका पुण्याला येत आहेत त्यांच्याबरोबर पाठवतो. त्या दुसऱ्या आरोपीचे नाव मात्र मला फोनवर कळव.

तुझा,
बाबा