एसेनहून पत्र: हार्डकोर ऐकायला येताना

एसेन, जर्मनी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

इकडे आल्यावर एखादा जुना हार्डकोर (पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) बँड अगदी समोर उभं राहून ऐकायचाय, असं तू लिहिलंस. ॲग्नॉस्टिक फ्रंटचा दौरा जुळून आला तर सोन्याहून पिवळं. न्यूयॉर्कचा हा बँड १९८० सालचा, त्यांचा ‘व्हिक्टिम इन पेन’ हा अल्बम १९८४चा, आणि साठी केव्हाच उलटलेला त्यांचा विनी स्टिग्मा अजून गिटार घेऊन उभा असतो. गाणी दीड-दोन मिनिटांची, त्यामुळे तासाभरात वीस-पंचवीस उरकतात. दहा मिनिटं उशीर म्हणजे चार-पाच गाणी गेली. तिकिटावर ‘आइनलास’ म्हणजे दार उघडण्याची वेळ आणि ‘बेगिन’ म्हणजे सुरुवातीची. ‘बेगिन’च्या पुढे आपल्याकडचा अर्धा तास धरू नकोस.

रूरच्या, म्हणजे आमच्या या खाणींच्या पट्ट्यातला कोळसा संपला, इमारती राहिल्या. शेवटची खाण, बोट्रॉपची, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. एसेनच्याच आल्टेनएसेन भागातली त्सेखे कार्ल ही खाण मात्र त्याच्या कितीतरी आधीच सांस्कृतिक केंद्र झाली होती. तिथे कार्यक्रम असेल तर मुख्य स्टेशनवरून यू११ किंवा यू१७ ही शहरातली रेल्वे धरून कार्ल्सप्लाट्झला उतरायचं. तिकिटावर ‘कॉम्बिटिकेट’ छापलेलं असेल तर येण्याजाण्याचं वेगळं तिकीट लागत नाही.

आता आवाज. लहान हॉलमध्ये ड्रमच्या झांजा आणि गिटारचे ॲम्प स्पीकरशिवायच थेट कानावर येतात, आणि साउंडवाल्याला ते कमी करता येत नाहीत. गाणं त्यांच्या वर काढायला तो माइक चढवतो. तेवढ्यात गायक माइकची जाळीच मुठीत धरतो. त्याने माइकची मागची छिद्रं झाकली जातात, एरवी फक्त समोरचं ऐकणारा माइक चहूकडचं ऐकू लागतो, पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचा, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज त्यात शिरतो आणि कान फाडणारी शिट्टी वाजते. दोष मशीनचा नसतो, मुठीचा असतो. म्हणून पहिली दोन गाणी साउंड डेस्कजवळ उभं राहून ऐक. तिथे शब्द कळतात. स्टेजला चिकटलास तर ड्रम आणि एकाच बाजूची गिटार, बस्स.

इथल्या नियमानुसार आवाजाची अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नसते. तीही काही थोडी नाही. म्हणून कानात घालायचे फोमचे बोळे बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. पुष्कळ जण नुसता कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि वर काही उपयोग नाही म्हणतात. फोमने झांजा जास्त दबतात, गाणं चिखलात पडल्यासारखं लागतं. फिल्टरवाले बोळे महाग, पण घ्यायचे तर तेच.

आईला सांग, व्हिडिओत स्टेजसमोर दिसतो तो गोंधळ म्हणजे मारामारी नव्हे. वेगात गोल फिरतात तो सर्कल पिट. कोणी पडला की आजूबाजूचे लगेच हात पसरून थांबतात आणि त्याला बगलेत धरून उभं करतात. तूही तेच करायचं. खरं लागतं ते ब्रेकडाउनला. ड्रमर एकदम अर्ध्या वेगावर येतो, गिटार तळहाताने दाबून तुटक-तुटक वाजते, मधे मोकळी जागा पडते आणि हात-पाय फिरायला लागतात. गाणं मंदावलं की दोन पावलं मागे हो. कडेला उभं राहायचं तर तोंड आत, हात छातीशी. पाठ फिरवून मोबाइल बघणाऱ्यालाच कोपर बसतं. चष्मा पट्ट्याने बांध, नाड्यांना दुहेरी गाठ मार.

पाठपिशवी ‘गार्डेरोबे’त, म्हणजे कोट-सामान ठेवायच्या खिडकीवर ठेव, तिच्यात एक कोरडा टी-शर्ट असू दे. घामाने भिजून बाहेरच्या गारठ्यात उभं राहिलं की सर्दी ठरलेली. बँडचा टी-शर्ट घ्यायचा तर आधीच घे, शेवटी मधले साइज उरत नाहीत. ग्लासमागे एखाद-दोन युरो अनामत घेतात. टोकन दिलं असेल तर ते ग्लासाबरोबर परत करावं लागतं, नाहीतर पैसे बुडाले.

कार्यक्रम आठवड्याच्या मधल्या वारी असेल तर परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेव. ती चुकली तर एनई अक्षरांच्या रात्रीच्या बस असतात, पण त्या मोजक्याच.

आई-बाबांना नमस्कार. बूट मात्र नवे आणू नकोस.

तुझी,
ताई