शेळीनं खाल्लेलं पुस्तक आणि बाकीची उधारी

प्रिय ताई,

निरोप समारंभ नको म्हणून तुम्ही निवृत्तीची तारीखच कुणाला कळू दिली नाहीत. मी फोन केला तर म्हणालात, "आभाराचं बोलणार असशील तर ठेवते, गॅसवर दूध आहे." आणि खरंच ठेवलात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मधेच फोन ठेवता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. ताई तालुक्याच्या वाचनालयात बालविभाग सांभाळायच्या. मी तिथून तेवीस किलोमीटरवरच्या एका गावात 'ड' वर्गाच्या वाचनालयाची ग्रंथपाल. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, त्यातला आमचा शेवटचा. ग्रंथपाल मी, लिपिक मी, सकाळी झाडू मारणारीही मीच. अनुदान येतं तेव्हा येतं. शिक्षकांना निदान स्टाफरूम असते, मधल्या सुट्टीत 'अहो, त्या पोराचं काय करू' असं विचारता येतं. गावच्या वाचनालयात एक खुर्ची, एक टेबल, देवघेवीचं रजिस्टर आणि वर्तमानपत्रासाठी भांडणारे दोन आजोबा. ग्रंथालय प्रमाणपत्राच्या वर्गात वर्गीकरण शिकवलं, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं शिकवलं. सहा वर्षांचं पोर कपाटासमोर येऊन नुसतं उभं राहिलं तर काय करायचं, ते काही शिकवलं नव्हतं.

ते पोर मात्र रोज येऊन उभं राहायचं. मुलांची पुस्तकं एका लोखंडी कपाटात, काचेआड, कुलपात. किल्ली माझ्याकडे. मुलानं नाव सांगायचं, मी पुस्तक काढून द्यायचं. आता सहा वर्षांच्या मुलाला पुस्तकाचं नाव कुठून माहीत असणार? तो काचेवर बोट ठेवायचा, आत दिसायच्या नुसत्या कडा. मुलांच्या पुस्तकांना तर धड कडाही नसतात.

एका बैठकीत चहाच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे होतात. मी कुणाला तरी म्हणत होते की आमच्याकडे मुलं वाचतच नाहीत हो, मोबाईलनं वाट लावली. तुम्ही मागून विचारलंत, "पुस्तकं कुठं ठेवलीस?" मी म्हटलं, कपाटात. "कपाटाला कुलूप आहे?" आहे. तुम्ही पुढे काहीच बोलला नाहीत. पुढच्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं हजर. कुणी बोलावलं नव्हतं, प्रवासभत्ता मिळायचा प्रश्नच नव्हता.

आमच्या भिंतीवर भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच नियम फ्रेम करून लावलेत. पहिलाच नियम, 'पुस्तके उपयोगासाठी आहेत.' त्या फ्रेमच्या बरोब्बर खाली ते कपाट. तुम्ही वर बघितलंत, खाली बघितलंत आणि म्हणालात, "वर रंगनाथन टांगलेत आणि खाली कुलूप घातलंय." मला इतकी लाज वाटली, की चहा सांगायचंही विसरले.

मग तुम्ही पदर खोचलात आणि जमिनीवर बसलात. सगळं कपाट खाली ओतलं. फळवाल्याकडून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणायला लावल्यात. खिळे ठोकून आत घातले, काचपेपर मारला, आतून जुन्या कॅलेंडरचा कागद लावला. त्यात पुस्तकं उभी, मुखपृष्ठ समोर करून, एकामागे एक. गॅसवर डोसा उलटावा तशी पोरं ती उलटत गेली. उंची मुलाच्या गुडघ्याएवढी. पेटीला लागलेले पैसे शून्य. ते काचेसमोर उभं राहणारं पोर त्या दिवशी पेटीपाशी बसलं ते अंधार पडला तरी उठेना. आई शोधत आली.

वर्गीकरणाचं तर मी मोठ्या अभिमानानं दाखवलं होतं. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, तो मी गोष्टींच्या प्रत्येक पुस्तकावर सुबक अक्षरात घातला होता. तुम्ही म्हणालात, "रजिस्टरात राहू दे, निरीक्षकांना लागेल. पोरांना रंग दे." लाल पट्टी म्हणजे चित्रंच जास्त, पिवळी म्हणजे ओळभर मजकूर, हिरवी म्हणजे पानभर, निळी म्हणजे चित्रांशिवाय चालतं अशांसाठी. आणि पट्टी कडेवर न लावता मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कारण पिना मारलेल्या सोळा पानी पुस्तकाला कड असतेच कुठे? हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. ज्यानं हजारभर पातळ पुस्तकं हाताळलीत त्यालाच हे सुचतं. एक इशाराही दिला होतात: रंग मुलाला चिकटवायचा नाही. सातवीतल्या मुलानं लाल पट्टी उचलली तर 'अरे, हे बाळांचं' म्हणायचं नाही. मी एकदा म्हणाले. तो मुलगा पंधरा दिवस आला नाही.

पिनांवरून आठवलं. पहिल्या पावसाळ्यात आमच्या निम्म्या पुस्तकांच्या पिना गंजल्या, मधली पानं सुटली, कागदावर तांबडे डाग पडले. बाइंडरकडे द्यायला पैसे नव्हते. मी फोन केला तर तुम्ही फोनवरच शिवण शिकवलीत. आधी गंजकी पीन चाकूच्या पाठीनं उचकटून काढायची. घडीवर टोच्यानं तीन भोकं. दोऱ्याला मेणबत्ती घासून घ्यायची. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत मधलं भोक टाळून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. मी स्पीकरवर फोन ठेवून शिवत होते आणि तुम्ही पलीकडून, "ओढ, पण कागद फाडू नकोस." त्या आठवड्यात एकवीस पुस्तकं शिवली. आता आठवीतल्या मुली शिवतात, माझ्यापेक्षा बरं शिवतात.

आता शेळीचं. एका मुलानं नेलेलं पुस्तक त्यांच्या शेळीनं खाल्लं. अर्धं खाल्लं, अर्ध्यावर पाय दिला. मुलगा भीतीनं यायचाच बंद झाला. नियमाप्रमाणे किंमत वसूल करायला हवी होती, आणि त्याच्या घरी नव्वद रुपये म्हणजे काय ते मला माहीत होतं. खिशातून भरायचे ठरवले होते. तुम्ही अडवलंत. म्हणालात, "आज तू भरशील, उद्या कोण भरेल? कागदावर आण." मग नोंद कशी करायची, समितीपुढे ठराव कसा ठेवायचा, पुस्तक बाद करताना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, सगळं सांगितलंत. कारण मी खरंच 'शेळीने खाल्ले' असं लिहिलं. निरीक्षक वाचून हसले आणि सही केली. तुमच्याकडे त्याच पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक तुम्ही रीतसर पत्र देऊन आमच्याकडे वर्ग केलीत. तो मुलगा परत आला. पहिल्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, "शेळी विकली." पुस्तकापायी नव्हती विकली, पण त्याला तसं वाटत होतं.

मात्र तुमचे आभार मानायला मला सगळ्यात जड जातं ते निळ्या पट्टीच्या पुढच्या मुलांसाठी. आठवीनंतर मुलं गळतात. बालविभागात बसायची लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटाकडे गेलं की आजोबा चष्म्यावरून बघतात. तुमच्याकडे त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक वेगळं कपाट होतं, वर पाटी नाही, काही नाही. मी तसंच केलं. त्यात वयात येण्याबद्दल मुलींना साध्या भाषेत सांगणारं एक पुस्तक ठेवलं. एक पालक तावातावानं आले, हे असलं पोरींच्या हातात देता? मी घाबरले. पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं आणि खणाला कुलूप. परत कुलूप, ताई.

चार दिवसांनी नववीतली एक मुलगी आली. तिथे आधी पुस्तक होतं त्या फटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न घेता गेली. रात्री तुम्हाला फोन केला. वाटलं होतं तुम्ही बोलाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "तू वाचलंस का ते?" नव्हतं वाचलं. चाळलं होतं. "मग आधी वाच, मग बोलू."

वाचलं. बत्तीस वर्षांची होते मी. त्यातल्या निदान तीन गोष्टी मला लग्नानंतर कळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या वाचनालयाचा एक जुना ठराव पाठवलात. मुलांसाठी पुस्तकं कशी निवडायची ते त्यात लिहून ठेवलेलं, आणि तक्रार आली तर काय करायचं तेही: तक्रार लेखी हवी, तक्रार करणाऱ्यानं पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, कोणत्या पानावर काय खटकलं ते लिहायला हवं, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक जागचं हलणार नाही. मी आमच्या समितीपुढे तो ठेवला. अध्यक्षांनी कुरकुर केली, मग एका निवृत्त बाईंनी त्यांना गप्प केलं आणि ठराव झाला. अर्जाचा नमुना टेबलावर ठेवला. ते गृहस्थ आले, अर्ज बघितला, 'पूर्ण वाचले आहे काय' या रकान्यापाशी थांबले आणि वर्तमानपत्र वाचून गेले. आजवर एकही अर्ज भरला गेलेला नाही. पुस्तक खिडकीपाशी आहे. देवघेवीच्या रजिस्टरात त्याची नोंद फारशी नाही, पण पानांचे कोपरे मऊ झालेत.

तुमच्याकडून पहिली पत्र्याची ट्रंक आली तेव्हा तुम्ही बडोद्याची गोष्ट सांगितली होतीत. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि मग लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरू लागली. "शंभर वर्षांपूर्वी पेटी फिरत होती, आपल्याला एसटी आहे," असं म्हणून तुम्ही कंडक्टरच्या पायाशी ट्रंक ठेवून दिलीत. दर दोन महिन्यांनी चाळीस पुस्तकं इकडे, आमची चाळीस तिकडे. नवीन खरेदी न करता आमच्या मुलांना दर दोन महिन्यांनी नवीन पुस्तकं. ट्रंकेत चिठ्ठी असायची: 'हे वाचून दाखव, नुसतं ठेवू नकोस', 'याची चित्रं बघ', 'हे आमच्याकडे कुणी उचललं नाही, तुझ्याकडे बघ'. त्या शेवटच्या प्रकारातलं एक पुस्तक आमच्याकडे सतरा वेळा गेलं. तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही चक्क रुसलात.

मुलांच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात हेही तुमच्याकडूनच कळलं. आजोबा आता वर्तमानपत्रावरून भांडत नाहीत, माझ्या फोनवर स्वतःच्या लहानपणीचे अंक शोधतात. माझा फोन मला मिळत नाही, ही तक्रार मात्र तुमच्या नावावर.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गावातून एका नव्या मुलीचा फोन आला. नुकतीच लागली आहे. म्हणाली, आमच्याकडे मुलं वाचतच नाहीत हो, मोबाईलनं वाट लावली. मी विचारलं, पुस्तकं कुठं ठेवलीस? विचारल्यावर मलाच हसू आलं. येत्या गुरुवारी जाते आहे. आंब्याच्या पेट्या सांगून ठेवल्यात, पण आंब्याचा मोसम संपलाय, बहुतेक टोमॅटोच्या क्रेटवर भागवावं लागेल.

हिशेबाचं राहिलं. तुमच्या शेवटच्या ट्रंकेतली तीन पुस्तकं अजून आमच्याकडे आहेत. दोन आठवीतल्या मुलींकडे, मुदत संपून गेली. तिसरं त्या शेळीवाल्या मुलाकडे. तो आता अकरावीला आहे आणि घरी परत शेळी घेतली आहे. नव्या बाईंना सांगून ठेवा, दंड लावू नका म्हणावं. मी स्वतः आणून देते, आणि दूध उतू गेलं तरी त्या दिवशी तुम्ही उठायचं नाही.

तुमची,
'ड' वर्गातली