दहाव्या तासाबद्दल कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर आणि कारखान्यांतला १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. दुकाने-आस्थापनांत तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही १२५ वरून १४४ तास. गुंतवणूक येईल म्हणे. येवो. पण परवा आमच्या मॅनेजरने त्याच निर्णयाची बातमी मीटिंगमध्ये दाखवली आणि "आता तर सरकारच सांगतंय" म्हणून हसला. त्यानंतर मला गप्प बसवेना.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. रात्री अकराला फोन वाजला की पोटात गोळा येतो. मध्यंतरी भर कॉलमध्ये छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. हार्ट अटॅक समजून सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, पॅनिक अटॅक आहे. झोप सांभाळा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ठेवला. त्याच आठवड्यात एक तिकीट, म्हणजे ग्राहकाची तक्रार, वरच्यांपर्यंत गेलं आणि मला पीआयपीवर टाकलं, म्हणजे 'काम सुधारा, नाहीतर बघा' अशी ताकीद. एचआरला सगळं सांगितलं, तर त्यांनी ताणमुक्तीच्या वेबिनारची लिंक पाठवली. वेळ संध्याकाळी साडेसात! ताण घालवायलाही जादा तास.

मानसोपचारतज्ज्ञांची फी खिशातून, कारण कंपनीच्या आरोग्य विम्यात ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, नाही. विम्यात मनाच्या आणि शरीराच्या आजारांत भेद नको, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. वाचायला छान आहे. तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही आयटीवाले, तुम्ही कुठले कामगार?" मग पगारातून दरमहा व्यवसाय कर कापता, तो कुणाचा?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका तरुण सीए मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने गेली, असं तिच्या आईने लिहिलं, देशभर गाजलं. सप्टेंबरमध्ये तुमच्या खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात पोचले, तेव्हा कळलं की २००७ पासून तिथे दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. सतरा वर्षं! आमचा पानवालासुद्धा परवान्याची चिंता करतो. ज्या खात्याला ९ तास मोजता आले नाहीत, ते १० कसे मोजणार?

चिंता आणि नैराश्यापायी जगात वर्षाला १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. महाराष्ट्राचे किती? मोजलेत का कुणी? व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. आमचं दुखणं नाही.

घरी जायलाही दीड तास लागतो; हिंजवडीची मेट्रो मार्च २०२५ ला धावणार होती. हा तास कुणाच्या खात्यात धरायचा? तुम्ही म्हणाल, ते खातं माझं नाही. बरोबर. कुणाचंच नसतं. कर घेताना मात्र सगळी खाती एक होतात.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. राज्यात तसा कायदा करा. आमच्यासारख्यांची तक्रार कुठे घ्यायची, तेही एकदा ठरवा.

आणि कृपया '१४४१६ वर फोन करा' असं उत्तर पाठवू नका. टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या त्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, मी फोन केला होता. पलीकडची मुलगी फार समजुतीने बोलली. तिची शिफ्ट किती तासांची असते, तेवढं कळवा.

आपला,
वाकडचा एक पगारदार